धक्का पचवणारी यंत्रं

साठ किलोचं एक यंत्र घ्या. त्याच्या पुढच्या अंगाला दहा किलोची पोलादी चकती बसवलेली आहे. तिचा व्यास ४० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ५,००० फेरे. गणित मांडलं तर या चकतीत सुमारे २७,००० ज्यूल ऊर्जा साठलेली निघते. एक टन वजनाची छोटी मोटार ताशी २७ किलोमीटर वेगाने जाताना तिच्यात असते, साधारण तेवढी. समोरच्या साठ किलोच्या यंत्राला उडवण्यातच ही सगळी ऊर्जा खर्ची पडली, तर ते पंधरा मजल्यांइतकं वर जाईल. तसं होत नाही, कारण बरीचशी ऊर्जा पत्रा वाकवण्यात, बोल्ट तुटण्यात, ठिणग्यांत आणि आवाजात जाते. ती नेमकी कुठे आणि किती वेळात जाते, यावर रोबोंच्या लढतीचा निकाल ठरतो.

हा खेळ नावारूपाला आला तो १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्प यांनी भरवलेल्या ‘रोबोट वॉर्स’मुळे. १९९८ मध्ये बीबीसीने त्याच नावाची मालिका सुरू केली आणि २००० साली अमेरिकेत ‘बॅटलबॉट्स’ आलं. तिथे यंत्राचं वजन ११३ किलोपर्यंत चालतं आणि लढत तीन मिनिटांची असते. आपल्याकडे टीव्हीवर गाजली ती दूरदर्शनची रोबोकॉन. तिच्यात मारामारी नसते, नेमून दिलेलं काम आधी कोण पुरं करतं याची चुरस असते. २००८ साली आशियाई रोबोकॉन पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता! खऱ्या अर्थाने लढत पाहायची तर पवईला, आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधल्या रोबोवॉर्सला जायला हवं.

तरीही या खेळामागचं विज्ञान समजून घ्यायला मला जबलपूरसारखं दुसरं गाव दिसत नाही. या शहरात १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे आणि १९६९ पासून व्हेईकल फॅक्टरी. एकीत तोफांचे गाडे बनतात, दुसरीत लष्कराच्या गाड्या. शक्तिमान ट्रक आणि जोंगा इथल्याच. लढाऊ रोबो बांधणाऱ्या पोरांना जे दोन प्रश्न रात्री जागवतात, त्या दोन्हींवर या दोन कारखान्यांचं काम उभं आहे. आपणच मारलेल्या फटक्याचा उलटा धक्का कसा पचवायचा हा पहिला प्रश्न, आणि दुसऱ्याचा फटका कसा सोसायचा हा दुसरा.

पहिला प्रश्न अधिक अवघड, आणि नवख्या संघांचं लक्ष नेमकं त्याच्याकडेच नसतं. १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तोफ जबलपूरलाच घडते. साधारण ४५ किलोचा गोळा पुढे सुटतो, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग नळीला मागे मिळतो. नळी गाड्याला घट्ट जखडली, तर तो धक्का क्षणार्धात गाड्यात उतरेल आणि त्याचे सांधे उखडतील. म्हणून नळीला मागे सरकू देतात. सरकताना ती तेल अरुंद छिद्रांतून ढकलते, गॅस दाबते, आणि वेग हळूहळू मरतो. संवेग तेवढाच, पण तो जिरायला वेळ जास्त मिळाला म्हणून बल कमी. तोफगाड्याची बरीचशी विद्या या एका वाक्यात आहे.

आता आडवं पातं फिरवणारा रोबो पाहा. २०१६ चा बॅटलबॉट्स विजेता ‘टूम्बस्टोन’ या जातीचा. पातं समोरच्याला बसतं तेव्हा समोरचा एका दिशेला उडतो आणि मारणारा उलट दिशेला. मागे सरकणारी नळी त्याच्याकडे नाही, त्यामुळे बेअरिंग, शाफ्ट, मोटरचे माउंट, बॅटरीच्या तारांचे जोड या सगळ्यांतून तो धक्का जातो. म्हणूनच अनेकदा जबरदस्त टोला हाणणारा रोबो स्वतःच निपचित पडतो. आतली वायर निसटलेली असते.

पातं उभं फिरवलं तर ते समोरच्याला खालून वर उचलतं आणि उलटा धक्का थेट जमिनीत जातो. २०१८ आणि २०१९ चा विजेता ‘बाइट फोर्स’ असाच होता. पण इथे दुसरी किंमत मोजावी लागते. भोवऱ्याला कलंडवायला गेलं की तो भलत्याच दिशेला कलतो, तसंच या चकतीचं. वर सांगितलेली चकती उभी बसवली आणि रोबोने एका सेकंदात काटकोनात वळण घेतलं, तर त्याला बाजूला कलंडवणारी पीळशक्ती सुमारे १६४ न्यूटन-मीटर भरते. चाकांत ५० सेंटिमीटर अंतर असेल तर वजनामुळे त्याला जमिनीवर धरून ठेवणारी पीळशक्ती १४७ च्या आसपास. म्हणजे एक चाक हवेत! रोबोवॉर्समध्ये वळताना एका बाजूने उचलला जाणारा रोबो दिसतो, तेव्हा चालवणाऱ्याचा हात चुकलेला असतोच असं नाही.

वेगाचंही तसंच. जास्त फेरे म्हणजे जास्त मार, असं वाटतं. पण दात समोरच्या यंत्रात किती खोल शिरेल, हे दोन दातांच्या मधल्या वेळात रोबो किती पुढे सरकला यावर ठरतं. मिनिटाला ५,००० फेरे म्हणजे एका फेऱ्याला १२ मिलिसेकंद. रोबो सेकंदाला पाच मीटर वेगाने धावत असेल तर एक दात असलेल्या चकतीला ६० मिलिमीटरचा घास मिळतो, दोन दात असतील तर ३० चा. फेरे दुप्पट केले की घास निम्मा होतो, आणि दात नुसता पत्रा घासत ठिणग्या उडवतो. प्रेक्षकांना ते छान दिसतं, समोरच्याचं काही बिघडत नाही. म्हणून मुरलेले संघ एकाच दातावर येतात आणि दुसऱ्या बाजूला वजन लावून चकती तोलतात. तो तोल ग्रॅमभर चुकला तरी पूर्ण वेगात सगळं यंत्र थरथरतं. ही कारागिरी मला या खेळातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

दुसरा प्रश्न फटका सोसण्याचा. सुरुंगापासून बचाव करणाऱ्या गाड्या व्हेईकल फॅक्टरीत बनतात. त्यांचा तळ सपाट नसतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता असतो. स्फोटाचा लोट त्यावर आपटून अडत नाही, दोन्ही बाजूंना वळतो. अशा गाड्यांत जवानांची आसनंही जमिनीवर थेट ठोकत नाहीत, म्हणजे तळाला बसलेला हादरा जसाच्या तसा पाठीच्या कण्यापर्यंत जात नाही. रोबोच्या पुढचा उतरता पत्रा त्या निमुळत्या तळाचंच काम करतो. चांगले संघ बॅटरी आणि कंट्रोलर रबरी गुटक्यांवर तरंगत ठेवतात, तेही त्या आसनांसारखंच, हादरा आत पोचू नये म्हणून.

पोलाद निवडताना मुलं हमखास कडकपणाच्या मागे लागतात. अति कडक पोलाद काचेसारखं तडकतं, मऊ पोलाद फाटतं. हार्डॉक्ससारखं झीज सोसणारं पोलाद या दोन्हींच्या मध्ये बसतं, पण वेल्डिंग करताना ते जास्त तापलं तर सांध्यालगतची पट्टी आपला कडकपणा गमावते. लढतीत पत्रा बऱ्याचदा तिथेच उघडतो. हे पुस्तकात एका ओळीत असतं. ज्याने आयुष्यभर चिलखती पत्रा वेल्ड केला आहे, तो मात्र सांध्याचा रंग पाहून सांगतो.

असे हात जबलपुरात घरोघरी आहेत. १९४७ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, डिझाइन आणि उत्पादनासाठीच २००५ साली उभी राहिलेली ट्रिपलआयटीडीएम ही संस्था आहे. पण आपल्या शिक्षणात यंत्र कागदावर पास होतं. ते मुद्दाम मोडेपर्यंत वापरायची मुभा कुठेच नसते, आणि मोडलेल्या शाफ्टच्या तुटलेल्या तोंडाकडे पाहून जे कळतं ते परीक्षेतल्या उत्तराने कळत नाही. शहरातल्या कॉलेजांनी कारखान्यांतून निवृत्त झालेल्या फिटर, टर्नर, वेल्डरांना मानधन देऊन आपल्या वर्कशॉपमध्ये बोलवावं. मुलांनी त्यांच्या हाताखाली दोन महिने काढावेत आणि मग रोबो आखाड्यात उतरवावा.

आणि जे आत्ताच घरी असं काही जुळवायला बसले आहेत, त्यांना एक सांगणं. वरच्या चकतीच्या कडेचा वेग ताशी ३७७ किलोमीटर आहे, तुटलेला दात त्याच वेगाने सुटतो. जाड पॉलिकार्बोनेटच्या बंद पेटीबाहेर चकती कधीही फिरवू नका, काम करताना तिला अडसर घालून ठेवा, आणि लिथियम पॉलिमर बॅटरीजवळ वाळूची बादली असू द्या.