सेप्टिमानियाचा बर्नार्ड आणि त्याचे कुटुंब : नवव्या शतकातील फ्रँक सरदारघराण्याचा अभ्यास

प्रस्तावना

युरोपच्या प्रारंभिक मध्ययुगातील सरदारवर्गाचा विचार करताना उत्तरकालीन सरंजामशाहीचे चित्र सहज डोळ्यांसमोर येते. दगडी किल्ला, वंशपरंपरेने चालत आलेला किताब, घराण्याचे आडनाव व कुलचिन्ह ही त्या चित्राची ठळक अंगे होत. नवव्या शतकातील फ्रँक साम्राज्यात यांपैकी बहुतेक गोष्टी अस्तित्वात नव्हत्या. सरदारांना आडनाव नव्हते. 'काउंट' हे पद म्हणजे वतन नव्हते, तर राजाने सोपविलेला अधिकार होता. त्यासोबत मिळालेल्या जमिनीही राजाची मर्जी फिरली की काढून घेतल्या जात. अशा स्थितीत सरदाराचे सामर्थ्य राजाची कृपा आणि स्वतःचे आप्तस्वकीय या दोन आधारांवर उभे असे. हे दोन आधार परस्परविरोधी झाले म्हणजे काय घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात सेप्टिमानियाचा काउंट बर्नार्ड याच्या कुटुंबाच्या आधारे केले आहे.

पित्याचा वारसा

बर्नार्डचा पिता विल्यम हा सम्राट शार्लमेनचा नातलग व तुलूजचा काउंट होता. इ. स. ७९३ मध्ये स्पेनमधून आलेल्या मुस्लिम सैन्याशी त्याने लढा दिला आणि ८०१ मध्ये बार्सिलोना जिंकून घेणाऱ्या मोहिमेत तो अग्रभागी होता. ८०४ मध्ये त्याने दक्षिण फ्रान्समधील जेलोन येथे मठ स्थापन केला व ८०६ मध्ये तो स्वतः तेथे संन्यस्त झाला. पुढे त्याला संतपद लाभले आणि फ्रेंच वीरकाव्यांचा तो नायक बनला.

या पित्याकडून बर्नार्डला कीर्ती, जमीनजुमला व नात्यागोत्याचे विस्तृत जाळे मिळाले. अधिकारपद मात्र राजाकडूनच मिळवावे लागणार होते. सम्राट लुई द पायस हा त्याचा धर्मपिता होता व हे नाते त्याला उपयोगी पडले. २९ जून ८२४ रोजी आखेन येथील राजप्रासादात त्याचा विवाह धुओदा या कुलीन स्त्रीशी झाला. २९ नोव्हेंबर ८२६ रोजी ज्येष्ठ पुत्राचा जन्म झाला व त्याला आजोबांचे विल्यम हे नाव देण्यात आले. आडनावांच्या अभावी ठरावीक नावांची पुनरावृत्ती हीच त्या काळी घराण्याची ओळख होती. म्हणूनच इतिहासकार नावांच्या आधारे कुलसंबंधांचा माग काढतात.

दरबारातील उदय व त्याची किंमत

८२६ च्या सुमारास बर्नार्डकडे बार्सिलोनाचा कारभार आला. ८२७ मध्ये सीमाप्रदेशात बंड झाले आणि बंडखोरांच्या मदतीला कॉर्डोव्हाच्या अमीराचे सैन्य आले, तेव्हा बर्नार्डने बार्सिलोना राखले. मदतीस पाठविलेल्या सैन्याचे नेते ह्यू व मॅटफ्रिड हे काउंट मात्र वेळेवर पोहोचले नाहीत. ८२८ मध्ये त्यांची पदे काढून घेण्यात आली. ऑगस्ट ८२९ मध्ये सम्राटाने बर्नार्डला राजगृहाचा प्रमुख व्यवस्थापक नेमले आणि बालराजपुत्र चार्ल्स याची जबाबदारीही त्याच्याकडे दिली.

एका सरदाराच्या उत्कर्षात दुसऱ्यांचा अपकर्ष गृहीत होता. कारण पदे व जमिनी मर्यादित होत्या आणि त्या वाटणारा हात एकच होता. ८३० मध्ये असंतुष्ट सरदारांनी सम्राटाच्या थोरल्या पुत्रांना हाताशी धरून बंड केले. सम्राज्ञी ज्युडिथ व बर्नार्ड यांच्यात अनैतिक संबंध असल्याचा आरोप करण्यात आला. बर्नार्ड निसटून बार्सिलोनाला पोहोचला, परंतु त्याचा भाऊ हेरिबर्ट बंडखोरांच्या हाती सापडला व त्याचे डोळे काढण्यात आले. ८३१ मध्ये बर्नार्डने शपथेवर स्वतःला निर्दोष ठरवून घेतले, तरी पूर्वीचे दरबारी स्थान त्याला परत मिळाले नाही. ८३४ मध्ये सम्राटाचा पुत्र लोथेर याने शालों शहर घेतले, तेव्हा बर्नार्डचा दुसरा भाऊ गाउसेल्म याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याची बहीण गेरबर्गा ही जोगीण होती. तिच्यावर चेटकाचा आरोप ठेवून तिला पिंपात बंद करून सोन नदीत बुडविण्यात आले.

या शिक्षांमागील तर्क स्पष्ट आहे. आप्तस्वकीय हे सरदाराचे बळ असल्याने त्याला दुर्बल करण्याचा मार्गही त्यांच्यातूनच जात होता.

धुओदाचा ग्रंथ

८४० मध्ये लुईचे निधन झाले आणि त्याच्या पुत्रांत वारसायुद्ध पेटले. २५ जून ८४१ रोजी फाँतनुआ येथे मोठी लढाई झाली. समकालीन इतिहासकार निथार्डने नोंदविल्यानुसार बर्नार्ड रणभूमीपासून सुमारे तीन लीग अंतरावर थांबून राहिला व कोणत्याही पक्षाला मिळाला नाही. चार्ल्सचा विजय झाल्याचे कळताच त्याने चौदा वर्षांच्या विल्यमला त्याच्या सेवेत पाठविले. विल्यम नावाला सेवक होता, वस्तुतः पित्याच्या निष्ठेपोटी दिलेला ओलीस होता.

त्याच वर्षी २२ मार्च रोजी उझेस येथे धुओदाला दुसरा पुत्र झाला होता. बाप्तिस्मा होण्यापूर्वीच बर्नार्डने त्या तान्ह्या मुलाला आपल्याकडे ॲक्विटेनमध्ये आणविले. धुओदा पतीच्या आज्ञेनुसार उझेसमध्येच राहिली. धाकट्या पुत्राचे नाव काय ठेवले, हेही तिला कळले नव्हते. ३० नोव्हेंबर ८४१ रोजी तिने विल्यमसाठी एक लॅटिन उपदेशग्रंथ लिहावयास घेतला व २ फेब्रुवारी ८४३ रोजी तो पूर्ण केला. भावाचा बाप्तिस्मा होऊन त्याला नाव मिळाले, की त्यालाही हा ग्रंथ वाचून दाखव, असे तिने थोरल्याला सांगितले आहे.

हा ग्रंथ धार्मिक स्वरूपाचा असला, तरी सरदारकुटुंबाचे अंतरंग दाखविणारे ते दुर्मीळ साधन होय. पतीच्या हितासाठी ख्रिस्ती व ज्यू सावकारांकडून आपण कर्जे काढली असून ती आपल्या पश्चात फेडावीत, असे धुओदा मुलाला सांगते. ज्या पितृकुलीन पूर्वजांकडून संपत्ती आली, त्यांची नावे देऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यास ती बजावते. त्या नावांत गाउसेल्म व गेरबर्गा ही नावेही आहेत.

सर्वांत लक्षणीय आहे तो तिने सांगितलेला निष्ठांचा क्रम. ईश्वरानंतर पिता आणि त्यानंतर राजा, असा तो क्रम होय. जगाच्या दृष्टीने राजसत्ता श्रेष्ठ असली, तरी जन्मदात्याची सेवा आधी, असे ती स्पष्ट लिहिते. मुलगा राजदरबारात ओलीस असताना मातेने केलेला हा उपदेश केवळ पारंपरिक म्हणता येणार नाही.

दोन पुत्र

८४४ मध्ये चार्ल्सने राजद्रोहाच्या आरोपावरून बर्नार्डला ॲक्विटेनमध्ये देहदंड दिला. विल्यमने मातेचा क्रम पाळला. चार्ल्सला सोडून तो ॲक्विटेनच्या दुसऱ्या पेपिनला मिळाला. ८४८ मध्ये त्याने पित्याचे बार्सिलोना कपटाने काबीज केले आणि ८५० मध्ये तेथेच तो मारला गेला. त्याची पंचविशीही पूर्ण झाली नव्हती.

ज्याचे नाव मातेला ठाऊक नव्हते, तो धाकटा पुत्र बर्नार्ड प्लांटापिलोसा होय, असे बहुतेक इतिहासकार मानतात. पित्याचेच नाव त्याला मिळाले होते. ८६४ मध्ये चार्ल्सविरुद्धच्या कटाचा संशय त्याच्यावर आला. तथापि पुढे त्याने राजसत्तेशी जुळवून घेतले, ऑव्हर्नचे काउंटपद मिळविले व मध्य फ्रान्समध्ये घराण्याची सत्ता उभी केली. त्याचा पुत्र विल्यम हा ॲक्विटेनचा ड्यूक झाला. त्याच्या नावात पणजोबांचे स्मरण होते.

निष्कर्ष

बर्नार्डच्या कुटुंबाची वाताहत ही एका महत्त्वाकांक्षी पुरुषाच्या चुकांची परिणती म्हणून सांगितली जाते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. पद राजाचे आणि बळ आप्तांचे, अशी ज्या व्यवस्थेची रचना होती, तिच्यात राजघराणेच दुभंगल्यावर तटस्थ राहण्याची जागा उरली नव्हती. ओलीस ठेवलेला पुत्र, कर्ज काढणारी पत्नी व नदीत बुडविलेली बहीण ही त्या व्यवस्थेचीच फळे होती.

या दृष्टीने ड्यूक विल्यमने ९१० मध्ये क्लुनी मठासाठी दिलेली सनद अर्थपूर्ण ठरते. आईवडिलांच्या आत्म्यांसाठी दिलेल्या त्या दानावर आपला, आपल्या आप्तांचा किंवा राजसत्तेचा कोणताही अधिकार चालणार नाही, अशी तरतूद तीत आहे. त्यामागे तत्कालीन धर्मविचार होताच. परंतु ज्या दोन सत्तांच्या ओढाताणीत धुओदाचे कुटुंब भरडले गेले, त्या दोहोंच्या आवाक्याबाहेर काही ठेवण्याचा हा प्रयत्न तिच्याच नातवाने केला, ही बाब सरदारघराण्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.