दोराला हात लावायचा, बगाडाला हात जोडायचे

दक्षिण कोरियातल्या गीजीसी गावात भाताच्या पेंढ्याचा अजस्र दोर वळतात आणि दोन तट पडून रस्सीखेच रंगते. पीकपाणी चांगलं व्हावं म्हणून चालत आलेली ही रीत. आशियातल्या अशा रस्सीखेचींना २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. तिथे परदेशी पाहुणेही बेलाशक दोर धरतात. आपल्या सातारा-सांगलीच्या जत्रांत परक्याला असा दोर मिळतो का? मिळतो, पण सगळीकडे नाही. कुठे हात लावायचा आणि कुठे बाजूला उभं राहायचं, हे एकदा कळलं की या दोन जिल्ह्यांतले उत्सव उलगडत जातात.

सुरुवात तासगावापासून करावी. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ मध्ये इथल्या गणपती मंदिराचं काम काढलं. दक्षिणेतल्या मोहिमांत पाहिलेली गोपुरं मनात भरलेली, म्हणून या मंदिराला सात मजली गोपुर आलं. इथला गणपती दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला तीन मजली लाकडी रथ काशीविश्वेश्वराच्या देवळाकडे निघतो, आणि तो ओढतात माणसं. दोर धरणाऱ्याला गाव, जात कुणी विचारत नाही. ‘मोरया’चा गजर झाला की सैल पडलेला दोर एकदम ताणला जातो, मागचे पुढच्यांवर आदळतात आणि गुलालाने लाल झालेले तळवे चरचरू लागतात. नवख्याने चाकांपासून लांब, दोराच्या पुढच्या टोकाकडे राहावं.

वाईजवळच्या बावधनचं बगाड याच्या अगदी उलट. रंगपंचमीला भैरवनाथाच्या नावाने निघणाऱ्या या गाड्यावर कुणी चढायचं, हे होळी पौर्णिमेला देवाच्या कौलाने ठरतं. त्या बगाड्याला कृष्णाकाठी सोनेश्वरला स्नान घालून उंच शिडाला बांधतात. दगडी चाकांचा तो जड गाडा खिल्लारी बैलांच्या जोड्या शेतांमधून गावाकडे ओढतात. थोड्या थोड्या अंतरावर दमलेले बैल सोडून ताजे जुंपले जातात. आपल्या बैलांनी बगाड ओढलं, याचा शेतकऱ्याला केवढा अभिमान! इथे प्रत्येकाचा मान ठरलेला, त्यामुळे पाहुण्याने हात जोडून बांधावर उभं राहावं. बिथरलेला बैल कॅमेऱ्याला भीत नाही.

खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांमध्ये एक ओढा आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका काठावर येतात आणि हातवारे करत एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. हा बोरीचा बार. प्रकरण हातघाईवर जाऊ नये म्हणून पोलीस मध्ये असतात. बाहेरच्याने ऐकावं, हसावं. मध्ये तोंड घालू नये.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरमचे उंचच उंच ताबूत बांबूंनी बांधतात. आधी कळस, मग खालचे मजले, अशी ही उलटी बांधणी. ताबुतांच्या भेटी होतात तेव्हा हिंदू-मुसलमान दोघेही मानकरी असतात. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले; त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात तिथे गायक-वादक हजेरी लावतात. तिकीट नाही, मांडी घालून बसलं की झालं.

शिराळ्याला मात्र जुने फोटो पाहून जाणाऱ्याचा हिरमोड होतो. नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथे नागाच्या प्रतिमेची पूजा होऊ लागली. परंपरा जपणारं गाव आणि नाग जपणारा कायदा यांची ओढाताण अजून मिटलेली नाही. पाहुण्याने तीही ऐकून घ्यावी.

जाण्याआधी तारीख पंचांगात बघावी. मोहरम तर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २००५ साली मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो माणसं दगावली, हे लक्षात ठेवून अरुंद वाटेत घुसू नये. गावात उतरल्यावर देवळातल्या गुरवाला किंवा पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारावं, ‘आज मान कुणाचा?’ उत्तर सविस्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा त्याला जोडूनच येतं, ‘जेवूनच जावा की आता.’ तिथे आढेवेढे घेऊ नयेत.