खाऱ्या पाण्यातला फेस

वरणाची डाळ शिजताना वर आलेला फेस आपण पळीने काढून टाकतो ना? घरात हौसेने समुद्री माशांची काचपेटी आणली असेल, तर तिथेही तेच काम असते. माशांची घाण नि उरलेले खाणे पाण्यात कुजले की अमोनिया तयार होतो आणि मासे एकेक करून दगावतात. ही घाण कुजण्याआधी उचलतो तो प्रोटीन स्किमर. बारीक बुडबुड्यांना ती चिकटते, फेस वर चढतो आणि कपात साचतो.

पेटीखाली वेगळी टाकी नाही म्हणून अडत नाही, बरं का! पेटीच्या मागच्या काठाला अडकवायचा स्किमर मिळतो. भिंतीपासून जागा सोडून तो सरळ बसवा. वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळ प्लगात शिरणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद!

नवा स्किमर पहिले काही दिवस नीट फेस धरत नाही. घाई करू नका. साबणाचा हात मात्र लागू देऊ नका. पाण्याची पातळी रोज सारखी हवी. उडते ते पाणी, मीठ नव्हे. म्हणून भर घालायची ती क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याची. दोन-तीन दिवसांनी कप रिकामा करून त्याचा गळा पुसा. अधूनमधून पाणी बदलणे मात्र सुटत नाही.

कपातले काळपट पाणी पाहून नाक मुरडू नका. ते पेटीत राहिले नाही, म्हणून तर मासे आहेत!