गच्चीवर यंत्र चढवताय? आधी लय विचारा!

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो. पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली गावं जगतात ती भातावर. कुरुवई आणि सांबा हंगामाचं पीक हाती आलं की भातगिरण्यांची धडधड सुरू होते.

गिरणीचं गणित सोपं : भात एकदा उंच चढवायचं, मग चाळण, खडे काढणारं यंत्र असं करत ते आपल्याच वजनाने खाली उतरतं. साहजिकच थरथरणारी चाळण वरच्या स्लॅबवर बसवण्याचा मोह होतो. ‘‘स्लॅब वजन पेलेल ना?’’ एवढंच मालक विचारतो. पण हा झाला अर्धाच प्रश्न!

झोपाळ्याला नेमक्या वेळी बोटाने ढकललं तरी तो उंच जातो. स्लॅबचंही तसंच. लांब गाळ्याचा स्लॅब बऱ्याचदा सेकंदाला 5 ते 10 वेळा कंप पावतो. समजा, चाळणीचे मिनिटाला 480 झोके, म्हणजे सेकंदाला 8. दोन्ही लयी जुळल्या की थरथर कित्येक पटींनी वाढते. मिनिटाला 1500 फेरे घेणारा जनरेटर त्यामानाने बरा. त्याच्या वजनाने 25 मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगा खाली बसवल्या, तर स्लॅबला फारच थोडा धक्का पोचतो. संथ यंत्राखाली मात्र अंदाजाने रबर घातलं, तर धक्का उलट वाढूही शकतो.

हयगय किती महाग पडते? दक्षिण कोरियात सोल शहरातलं साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर 29 जून 1995 रोजी कोसळलं. 502 बळी गेले. मूळ बांधकामच कमजोर, खांब बारीक. त्यात 1993 मध्ये वातानुकूलनाची अवजड यंत्रं गच्चीवरून ओढत दुसरीकडे नेलेली. छताला तडे गेले, यंत्रांच्या थरथरीने ते रुंदावत गेले.

मग करायचं काय? जमत असेल तर यंत्राला जमिनीपासून स्वतंत्र लोखंडी सांगाडा द्या. तो इमारतीला टेकता कामा नये. गच्चीच हवी असेल, तर स्लॅबचा मध्य टाळून बीम आणि कॉलमचा आधार घ्या. पाइपांना लवचीक सांधे ठेवा.

गिरणी तंजावरची असो की कुलिंग टॉवर पुण्याच्या सोसायटीतला, स्ट्रक्चरल इंजिनीअरला तीन आकडे विचारा : यंत्राचं वजन, त्याचे फेरे आणि स्लॅबची लय. उत्तर लेखी घ्या. क्रेन त्यानंतर बोलवा.