लोणीचे की लोण्याचे? विकीच्या साच्यात मराठी विभक्ती

मराठी विकिपीडियावर नगर जिल्ह्यातल्या लहान गावांचे लेख वाचू लागलो की एका घडणीचे वाक्य पुन्हा पुन्हा भेटते: अमुक हे अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील गाव आहे. गाव बदलते, तालुका बदलतो, वाक्य हलत नाही. बोलताना आपण ‘अकोल्याचा माणूस’ म्हणतो, ‘नेवाशाला जाऊन आलो’ म्हणतो. ही रूपे त्या वाक्यात का शिरत नाहीत? लिहिणाऱ्यांना मराठी येत नाही, असे उत्तर सोपे आहे, पण मला ते पटत नाही. त्या वाक्यामागे एक यंत्र आहे आणि त्या यंत्राला वळसा घालण्याची एक युक्तीही आहे.

विकिपीडियावर एकच मजकूर अनेक पानांवर लागतो, तेव्हा तो एका वेगळ्या पानावर लिहून ठेवतात आणि हवा तिथे नावाने बोलावतात. या पानाला मराठीत ‘साचा’ म्हणतात. शब्द नेमका आहे. विटेच्या साच्यात माती भरावी तसे साच्यातल्या मोकळ्या जागांत गाव, तालुका, लोकसंख्या भरायची. लेखाच्या बाजूला दिसणारी माहितीचौकट हाही एक साचाच. सोय अशी की साचा एकदा सुधारला की तो वापरणारी सगळी पाने सुधारतात. अडचण अशी की मोकळ्या जागेत टाकलेला शब्द जसाच्या तसा बाहेर येतो. इंग्रजीत त्याने फारसे बिघडत नाही, कारण तिथे नावाआधी ‘इन’ किंवा ‘ऑफ’ लावले की काम भागते. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नावाचे सामान्यरूप होते. ‘नेवासा’पुढे साच्याने ‘चा’ जोडला तर ‘नेवासाचा’ होईल, आणि ते तिथल्या कोणाच्याही कानाला खटकेल.

मग करायचे काय? विभक्ती झेलायला नावाशेजारी दुसरे नाम उभे करायचे. ‘अकोले तालुक्यातील’ या शब्दांत अकोले जागचे हलत नाही, बदलतो तो ‘तालुका’, आणि तो साच्यात आधीच हव्या त्या रूपात लिहिलेला असतो. ही युक्ती संगणकाच्या काळातली नाही. आपले छापील अर्ज पाहा: ‘श्री. (मोकळी जागा) यांस’, ‘मौजे अमुक, ता. अमुक, जि. अमुक येथील’. ‘यांस’ आणि ‘येथील’ हे त्यासाठीच तिथे बसवलेले असतात. आलेल्या नावाला हात न लावता विभक्तीचे ओझे ते उचलतात. कचेरीच्या मराठीला आपण रुक्ष म्हणून हसतो, पण तिच्या रुक्षपणाचा निदान एक भाग मोकळ्या जागांच्या या अडचणीतून आलेला आहे.

विकीच्या साच्याला स्वतःची थोडी बुद्धी नसते असे नाही. २००६ मध्ये त्यात ‘जर–तर’ आणि आकडेमोड आली. पण शब्द कापण्याची, त्याचे शेवटचे अक्षर पाहण्याची सोय विकिपीडियावर दिली गेली नाही. तसा कोड लिहून तयार होता, तरी तो तिथे बंदच ठेवला गेला, कारण त्यातून साच्यांची आधीच किचकट असलेली भाषा आणखी किचकट झाली असती. एखादी कृती हवी तितक्या वेळा फिरवून करणे साच्याला जमत नाही, आणि साच्याने स्वतःलाच बोलावले तर विकी त्याला अडवते.

तरीही लोकांनी वाट काढली. आकड्याच्या डावीकडे शून्ये भरून त्याची लांबी सारखी करण्यासाठी एक आज्ञा आहे. कोणीतरी तिला शून्याऐवजी अख्खा शब्द दिला आणि भरायला रिकामी जागा दिली. ‘एक घर भर’ म्हटले की त्या शब्दाचे पहिले अक्षर हाती येते. भरण्याच्या अवजाराने कापण्याचे काम! त्यावर शब्दांची लांबी मोजणारे आणि तुकडे तोडणारे साचे उभे राहिले. देवनागरीत मात्र गंमत होते. ‘श्रीगोंदा’ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द. संगणक त्यात नऊ खुणा मोजतो: श, हलन्त, र, वेलांटी आणि पुढे तशाच. एक घर भरले की ‘श्री’ न येता नुसता ‘श’ येतो.

२०१३ पासून विकिपीडियावर ‘लुआ’ ही खरीखुरी प्रोग्रॅमिंग भाषा साच्यांमागे वापरता येते. ती १९९३ मध्ये ब्राझीलमध्ये जन्मली, आणि तिच्या नावाचा पोर्तुगीज अर्थ चंद्र. मराठी विकीवर तिची पाने ‘विभाग’ या नावाने असतात. वरची अडचण इथे सोय होते. काना ही वेगळी खूण असल्याने शब्दाची शेवटची खूण मागितली की थेट काना, मात्रा किंवा वेलांटी मिळते, आणि सामान्यरूपाला बहुतेक वेळा तेवढेच पाहायचे असते. ‘धूळपाटी’वर, म्हणजे प्रयोगासाठी राखलेल्या पानावर, मी जिल्ह्याचे चौदा तालुके घेऊन बसलो. संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, शेवगाव, पाथर्डी, नगर, राहुरी, पारनेर, कर्जत, जामखेड ही दहा नावे प्रत्ययापूर्वी बदलत नाहीत. उरली चार. अकोले–अकोल्याचा, राहाता–राहात्याचा, श्रीगोंदा–श्रीगोंद्याचा हे एका नियमात बसतात. नेवासा ‘पैसा’च्या वाटेने जातो: पैशाचा, नेवाशाचा. म्हणजे शेवटी ‘सा’ असेल तर ‘शा’. भंडारदरा घेतला की आणखी एक कलम लागते, कारण ‘भंडारदऱ्याचा’ लिहिताना साध्या ‘र’च्या जागी वेगळी खूण असलेला ‘ऱ’ घालावा लागतो. इथवर यंत्र शहाणे वाटते.

मग लोणी येते. राहाता तालुक्यातले लोणी, विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेले. गाव असेल तर ‘लोणीचे’, ताकावरचे असेल तर ‘लोण्याचे’. खुणा त्याच, शेवट तोच. राहुरीकडची मुळा नदी असेल तर ‘मुळेच्या काठी’, भाजीतला मुळा असेल तर ‘मुळ्याची कोशिंबीर’. ‘प्रवरा’ आणि ‘भंडारदरा’ दोन्ही ‘रा’ने संपतात, पण प्रवरेचे पाणी भंडारदऱ्याच्या धरणात अडते. नाव स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, विशेषनाम की सामान्यनाम, हे अक्षरांत लिहिलेले नसते. हिवरे बाजार ‘हिवरे बाजारचा’च राहतो, नुसत्या बाजाराचा मात्र ‘बाजाराचा’ होतो. नियम कितीही वाढवले तरी ही माहिती कोणीतरी बाहेरूनच द्यावी लागते.

म्हणून माझ्या मते योग्य वळसा असा: साच्यात ‘सामान्यरूप’ नावाची एक ऐच्छिक मोकळी जागा ठेवावी. माणसाने ती भरली तर तेच रूप वापरावे. रिकामी असेल तर नियमाने अंदाज न बांधता ‘अमुक येथील’ छापावे. चुकीच्या सामान्यरूपापेक्षा कचेरीचे ‘येथील’ बरे.

आकारमानाचेही एक बंधन आहे. सगळे साचे उलगडल्यावर पानाचे आकारमान २० लाख ९७ हजार १५२ बाइटपलीकडे गेले की पुढचे साचे उलगडत नाहीत, पानावर त्यांची नुसती नावे दिसतात. मोजमाप बाइटचे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात. ‘अहिल्यानगर’ रोमन लिपीत ११ बाइटचे, देवनागरीत ३० बाइटचे. त्याच मर्यादेत आपल्या वाट्याला जागा कमी येते आणि मोठ्या याद्यांची पाने आधी अडखळतात. त्यावर उपाय म्हणून साच्यात साचा घालणे टाळतात, कारण आतला मजकूर प्रत्येक पायरीवर पुन्हा मोजला जातो.

२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. एका बाबतीत सुटका झाली: दोन्ही नावे ‘नगर’ने संपतात, त्यामुळे विभक्तीला धक्का लागत नाही. जिथे नाव साच्यातून येते तिथे एका जागी बदल पुरतो. जिथे साच्यातला मजकूर पानात कायमचा उतरवून ठेवला असेल, तिथे पान-पान पाहावे लागते. पण सगळीकडे बदलही चालणार नाही. जवाहरलाल नेहरू १९४२ ते १९४५ या काळात ज्या किल्ल्यात कैदेत होते, त्याला त्या वाक्यात त्या वेळचे नाव हवे. वाक्य कोणत्या काळाबद्दल बोलते ते साच्याला कळत नाही, म्हणून नावाबरोबर सालही द्यावे लागते: साल २०२४ च्या आधीचे असेल तर अहमदनगर, नाहीतर अहिल्यानगर.

इथे शेवटची खोच आहे. साच्याच्या आकडेमोडीला ‘१९४२’ कळत नाही. देवनागरी अंक दिसताच ती चूक दाखवते. अंक आधी रोमन करून घ्यायचे, तुलना करायची, आणि पानावर छापताना पुन्हा देवनागरी करायचे, असा फेरा घालावा लागतो. तो घातला की किल्ल्याच्या लेखात ‘अहमदनगरच्या’ येते, आजच्या जिल्हा परिषदेच्या लेखात ‘अहिल्यानगरच्या’. आणि मधल्या मजकुरात कोणी नुसते ‘नगर’ लिहिले असेल, तर त्याला कोणताच साचा लागत नाही.