‘विषय : नवीन कलेक्शनबाबत’ असं लिहिलं तर मेल उघडणार कोण?

आजचा आपला विषय आहे ‘विषय’. हसू नका, खरंच सांगतोय. शाळेत मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना ‘विषय : दोन दिवसांची रजा मिळणेबाबत’ अशी एक ओळ लिहायला शिकवतात ना? तीच ओळ पुढे ईमेलमध्ये सब्जेक्ट लाइन होऊन आपल्या मागे येते. फरक एवढाच की मुख्याध्यापकांना अर्ज वाचावाच लागतो. गिऱ्हाईकावर तशी सक्ती नसते. तो केएमटीच्या बसमध्ये उभा असतो, एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि अंगठा स्क्रीनवर सरकत असतो. तो अंगठा थांबला तर मेल उघडली, नाही तर गेली.

माझ्या एका मित्राचं चप्पल लाइनला दुकान आहे. कोल्हापूर माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, शिवाजी चौक आणि भवानी मंडपाच्या मधे कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची रांगच आहे, तीच चप्पल लाइन. दुकान आजोबांपासूनचं. ऑनलाइन ऑर्डरी घ्यायला लागल्यापासून त्याच्याकडे गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते साठले होते, साधारण तीनशे. त्यानं सगळ्यांना पहिली मेल पाठवली. सब्जेक्ट काय, तर ‘आमच्या नवीन कलेक्शनबाबत’. मला म्हणाला, “मर्दा, कुणी उघडतच नाही बघ. तू मेल लिहायचं काम करतोस न्हवं? जरा बघ की.”

आता ‘बाबत’ हा शब्द सरकारी कागदावर शोभतो, कारण तिथं फाइल शोधायची असते. दुकानाच्या मेलमध्ये ‘बाबत’ म्हणजे आतल्या मालावर टाकलेली ताडपत्री. मी ती ताडपत्री काढायला गेलो आणि भलतंच करून बसलो. चारदोन व्हिडिओ बघितले होते, त्यातला मंत्र होता की लोकांना घाई करा. मी लिहून दिलं, ‘शेवटची संधी!!! आज रात्री १२ पर्यंतच सूट’. मेल उघडल्या, ऑर्डरीही आल्या. आम्ही खूश. म्हणून पुढच्या आठवड्यात तेच परत पाठवलं, फक्त उद्गारचिन्ह एक वाढवलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका आजोबांचं उत्तर आलं. निवृत्त शिक्षक, मित्राच्या आजोबांच्या वेळेपासून इथूनच चप्पल नेणारे. दोनच ओळी. “गेल्या आठवड्यातही शेवटचीच होती ना? माझा पत्ता यादीतून काढून टाकावा, ही विनंती.” मित्रानं फोन माझ्यासमोर धरला आणि काही बोलला नाही. गिऱ्हाईक त्याचं गेलं होतं आणि ओळ माझी होती.

तेव्हापासून सब्जेक्ट लाइनकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. ती आरोळी नाही, शब्द दिलेला असतो. वरच्या ओळीत जे म्हटलं ते आत सापडलं पाहिजे, आणि उद्याही ते खरं असलं पाहिजे. ही नुसती सज्जनपणाची गोष्ट नाही, बरं का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’बद्दलची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ग्राहकाला फसवायचे १३ प्रकार त्यात दिलेत आणि त्यातला पहिलाच आहे खोटी घाई. माल भरपूर असताना ‘थोडेच उरलेत’ म्हणणं, मुदत नसताना मुदत दाखवणं, हे सगळं त्यात येतं. आणि ती तत्त्वं फक्त मोठ्या ॲपना नाहीत, विक्रेत्यांनाही लागू आहेत.

शिवाय जीमेलचा हिशेब वेगळाच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं घाऊक मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब द्यावंच लागतं, आणि ‘हे स्पॅम आहे’ अशा तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत पोचता कामा नयेत. म्हणजे हजार मेलमागे तीन. आमची यादी तीनशेची. एकानं जरी रागानं ते बटण दाबलं, तर आमची टक्केवारी त्या रेषेच्या वर! छोट्या दुकानाला हे मोठ्या आकड्याचे नियम थेट लागत नसतील, पण तक्रारी वाढल्या की मेल स्पॅममध्ये पडायला लागतात, ते सगळ्यांनाच लागू. त्या आजोबांनी बटण न दाबता उत्तर लिहिलं, हे आमचं नशीब.

मग खरी ओळ लिहायची कशी? याचं उत्तर मला त्याच गल्लीत मिळालं, तेही एका जगभर गाजलेल्या प्रकरणातून. तुम्हाला आठवत असेल, जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. शोच्या माहितीत त्यांचं वर्णन काय होतं? ‘लेदर सँडल’. बस्स. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाही. चूक म्हणावी तर शब्द खोटे नव्हते, चामड्याचीच होती ती. पण जगातली निम्मी पायताणं त्या दोन शब्दांत मावतील. इकडे तर २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. मग गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिहिलं, प्राडानं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, किंमत साधारण ८०० युरो. (आमच्या मित्रानं हा आकडा ऐकून स्वतःच्या पायाकडे बघितलं!)

मला यात रस होता तो शब्दांचा. ‘लेदर सँडल’ आणि ‘कोल्हापुरी’ यात जो फरक आहे, तोच ‘नवीन कलेक्शन’ आणि चांगल्या सब्जेक्ट लाइनमध्ये आहे. आणि गंमत बघा, आम्ही स्वतः आमच्या मालाला ‘कलेक्शन’ म्हणत होतो. दुकानात मात्र कुणी कलेक्शन मागत नाही. तिथं शब्द काय असतात? कापशी. कुरुंदवाडी. पायताण. कचकडी. कुणी विचारतं, “कान मोठे असलेली आहे का?” कुणी म्हणतं, “करकर वाजली पाहिजे बघा.” काउंटरवर जे बोललं जातं, त्यात सब्जेक्ट लाइन तयार पडलेली असते. आपण ती सोडून मेल लिहायला बसलो की अचानक इंग्रजी सूटबूट चढवतो.

म्हणून आम्ही एक केलं. आठवडाभर मित्रानं गल्ल्याशेजारी वही ठेवली आणि गिऱ्हाइकं जे विचारतील ते जसंच्या तसं लिहून काढलं. त्यातला एक प्रश्न सारखा येत होता, ‘पावसात भिजली तर काय करायचं?’ दिवस पावसाळ्याचेच होते. आम्ही सब्जेक्ट ठेवला, ‘कोल्हापुरी भिजली? उन्हात ठेवू नका’. आत चार ओळी. सावलीत वाळवा, कडक झाली तर हलकं तेल लावा, आणि शिवण उसवली असेल तर दुकानात आणा, शिवून देतो. विकायला काहीच नाही. त्या मेलला जेवढी उत्तरं आली तेवढी कुठल्याच सवलतीला आली नव्हती. लोक फोटो पाठवायला लागले, ‘ही बघा, दुरुस्त होईल का?’ त्यातल्या काहींनी दुरुस्तीऐवजी नवीनच घेतली, तो भाग वेगळा.

घाई खरी असेल तर ती जरूर सांगा. ‘पायताण ९ नंबर, दोनच जोड उरलेत’, ही ओळ आम्ही पाठवली. खरंच दोन होते, आणि ती पाठवली फक्त ९ नंबर घेणाऱ्यांना. सगळ्या तीनशेंना कशाला? ७ नंबरवाल्याला त्याचं काय?

आता थोडं तांत्रिक, कारण इथं मराठीवाल्यांची फसगत होते. इंग्रजी व्हिडिओत सांगतात, सब्जेक्ट ५० अक्षरांच्या आत ठेवा. पण मराठीत अक्षर मोजायचं कसं? ‘कोल्हापुरी’ आपल्याला चार अक्षरांचा शब्द वाटतो. को, ल्हा, पु, री. कॉम्प्युटर मात्र मात्रा, वेलांट्या आणि पाय मोडल्याची खूण धरून १० मोजतो. त्यामुळे मेल पाठवायचं सॉफ्टवेअर ‘ओळ फार लांब’ म्हणून लाल होतं, आणि फोनवर ती व्यवस्थित मावते. कारण उकार, मात्रा वर-खाली बसतात, रुंदी फारशी वाढवत नाहीत. तेव्हा आकड्यावर विसंबू नका. स्वतःला मेल पाठवा आणि साध्या, छोट्या स्क्रीनच्या फोनवर बघा ओळ कुठं तुटते. महत्त्वाचा शब्द त्या तुटण्याच्या आधी यायला हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून हे जरा जपावं लागतं. ‘आमच्या सर्व प्रिय ग्राहकांसाठी खास दिवाळीनिमित्त...’ एवढ्यातच ओळ संपते आणि काय आहे ते कळतच नाही. दिवाळीचा तर नादच सोडा. त्या दिवसांत सगळ्यांचा इनबॉक्स ‘हार्दिक शुभेच्छां’नी भरलेला असतो. तुमची मेल त्यातली अजून एक शुभेच्छा समजून पुढं ढकलली जाते.

नाव घालून मेल पाठवायची हौसही जपून करा. ‘पाटील, तुमच्यासाठी खास!’ अहो, कोल्हापुरात बिंदू चौकात उभं राहून ‘पाटील’ म्हटलं तर दहा जण वळून बघतील. त्यात कुणाचं आडनाव नावाच्या रकान्यात गेलेलं असतं, कुणी फक्त आद्याक्षर भरलेलं असतं. माझं मत विचाराल तर नावापेक्षा मागच्या खरेदीची आठवण जास्त जवळची वाटते. ‘तुमच्या कापशीला दोन वर्षं झाली’ असं लिहिलं की माणसाला कळतं, हे मलाच लिहिलंय. आणि ‘तू’ की ‘तुम्ही’? यादीत कॉलेजची पोरं असली तरी आजोबाही आहेत. तुम्हीच ठेवा.

माणसासारखं बोललं की चालतं, हे मोठ्या खेळातही दिसलंय. २०१२ च्या अमेरिकन निवडणुकीत ओबामांच्या प्रचार-टीमनं देणगीसाठी पाठवलेल्या एका मेलचा सब्जेक्ट साधारण असा होता, ‘खर्चात समोरचे माझ्या पुढं जाणार’. उद्गारचिन्ह नाही, सवलत नाही. काळजीत पडलेला माणूस बोलतोय असं वाटावं. त्या एका मेलनं २६ लाख डॉलरच्या वर जमवले. अर्थात त्यांच्याकडे लाखोंची यादी होती, पाठवायच्या आधी वेगवेगळ्या ओळी तपासून बघता येत होत्या. आपल्या तीनशेच्या यादीत दीडशे-दीडशे करून ‘ही ओळ जिंकली’ म्हणण्यात अर्थ नाही. पाच-दहा उघडण्यांचा फरक निव्वळ योगायोगानंही पडतो.

त्यात ‘किती जणांनी उघडली’ हा आकडाही आता तितका भरवशाचा राहिला नाही. तो आकडा मेलमध्ये लपवलेल्या बारीकशा चित्रावरून मोजतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं आयफोनच्या मेल ॲपमध्ये सोय दिली, ती चालू असली की ते चित्र माणसानं मेल न उघडताच आधी उतरवून घेतलं जातं. म्हणजे मेल न वाचताही ‘उघडली’ दिसते. म्हणून आम्ही आता तीनच गोष्टी वहीत लिहितो. किती जणांनी लिंक दाबली, किती जणांनी उत्तर दिलं, आणि किती जणांनी पत्ता काढायला सांगितला.

त्या आजोबांचा पत्ता आम्ही त्याच दिवशी काढला. मित्रानं माफीची मेल पाठवली नाही, कारण काढून टाका म्हटल्यावर परत मेल कशाला? त्यानं पोस्टकार्ड लिहिलं, हातानं, आजोबांच्या नावानं. वर ‘विषय’ वगैरे काही नाही. दिवाळीच्या आधी आजोबांचा मुलगा दुकानात आला, वडिलांच्या मापाचा कागद घेऊन. ८ नंबर, कापशी. मेल यादीत नाव घालू का, असं मित्रानं विचारलं. तो म्हणाला, “बाबांना विचारून सांगतो.” अजून सांगितलेलं नाही.