अमेरिकन शिबंदी शिपायाची जबानी

१७७५ ते १७८३ च्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत आपला पूर्वज लढला अशी समजूत तिकडील पुष्कळ घराण्यांत आहे. तो खड्या फौजेंतला असल्यास हजेरीपटांत नांव सांपडण्याचा संभव बरा. पण गांवच्या शिबंदींतला, म्हणजे 'मिलिशिया'मधला असल्यास शोध कठीण. हा शिपाई मूळचा शेतकरी. बोलावणें आलें कीं दोन-तीन महिने बंदूक घेऊन जाई, मुदत सरतांच पुन्हा नांगरास लागे. त्यांतच ८ नोव्हेंबर १८०० रोजीं युद्धखात्याच्या कचेरीस आग लागून पुष्कळ दप्तर जळालें.

अशा माणसाचें चरित्र बहुधा त्याच्या म्हातारपणच्या जबानींतूनच निघतें. १८१८ चा पेन्शनचा कायदा खड्या फौजेंतील गरजू शिपायांपुरता होता. ७ जून १८३२ च्या कायद्यानें शिबंदीवाल्यांसही दार मोकळें केलें. निदान सहा महिन्यांची चाकरी पाहिजे. दोन वर्षें भरल्यास तहहयात पूर्ण पगार. साध्या शिपायास सहा महिन्यांबद्दल सालीना २० डॉलर मिळत. दाखला नसल्यास वृद्धानें कोर्टांत उभें राहून शपथेवर सांगावें: जन्म कोठें व केव्हां, स्वेच्छेनें गेलां कीं दुसऱ्याच्या बदली, अंमलदार कोण होते, शेजारचे कोण ओळखतात.

आपल्याकडील तक्रीरी व करीने वाचणारांस सावधगिरी शिकविणें नको. पैसा महिन्यांवर ठरत असल्यानें महिन्यांची बेरीज संशयास्पद. पश्चिम व्हर्जिनियांत सिंगलटन नांवाच्या सरकारी वकिलानें १८३४ पासून फेरतपास करून कित्येकांचीं नांवें कमी करविलीं. पण 'कूच केलें, शत्रु दिसला नाहीं' असें कोणी सांगतो, तेथें खोटें बोलण्यांत त्याचा लाभ काय? शाळेंत जन्मभर सबबी ऐकल्यामुळें म्हणा, स्वतःच्या हिताविरुद्धचें विधान मला सर्वांत विश्वसनीय वाटतें.

म्हणून नामंजूर अर्ज बाजूस सारूं नयेत. जेहू ग्रँट शिबंदींतला नव्हे, फौजेच्या गाड्यांवरचा माणूस. पण कागद त्याच जातीचा. तो ऱ्होड आयलंडांतील नॅरागॅन्सेट येथें गुलाम होता. मालक इंग्रजांस गुप्तपणें मेंढरें व गुरें पुरवी. तो आपणांस इंग्रजांच्या जहाजांवर धाडील या भीतीनें ग्रँट १७७७ च्या ऑगस्टांत पळाला व डॅनबरी येथें नांव नोंदवून गाडीवान झाला. पुढें हडसन नदीकांठीं इंग्रजांच्या छावण्यांजवळ सामान वाहिलें. नऊ-दहा महिन्यांनीं, जून महिन्यांत, त्यास पुन्हा मालकाच्या स्वाधीन करण्यांत आलें.

हें सर्व त्यानें स्वतःच जबानींत लिहविलें. चाकरीच्या वेळीं तो पळालेला गुलाम होता याच कारणावरून अर्ज फेटाळला गेला. १८३६ मध्यें त्यानें पुन्हा लिहिलें कीं, सभोंवार स्वातंत्र्याचीं गाणीं चाललीं असतां आपणांसही तीच ओढ लागली. पेन्शन मिळालें नाहीं. कागद मात्र राहिला; जेहू ग्रँटची जी ओळख आज आपणांस आहे ती त्या नाकारलेल्या अर्जामुळेंच.